अंगातला अमीन

दवाखान्यातल्या बाटल्या रिकाम्या होतात, किस्से मात्र साचत जातात. इथं औरंगाबादच्या होस्टेलात मैत्रिणी जमल्या की फर्माईश ठरलेली, "सुमन, कळंबचं सांग ना!" मग कार्बोलिकचा वास थेट नाकात येतो आणि काकांच्या दवाखान्यातलं ते डुगडुगणारं बाकडं डोळ्यांपुढं उभं राहतं.

इंटर सायन्स झाल्यावर मला मेडिकलला जायचं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "एक स्थळ चालून आलंय. त्यांचा होकार आला तर लग्न, नकार आला तर मेडिकल." माझ्या होकाराचं कुणी विचारलंच नाही! पाहुणे येईपर्यंत मी डॉक्टरकाकांच्या, म्हणजे दादांच्या थोरल्या भावाच्या, दवाखान्यात बसायला लागले.

*

शेजारचे बप्पा एकदा अंग खाजवत आले. पाठभर लाल गांधी उठलेल्या. काकांनी सवयीनं सांगितलं, "पित्त उठलंय. घोंगडं पांघरा."

मला राहवेना. "काका, पित्त कसलं! बप्पा, तुमच्या अंगात हिस्टामिन सुटलंय."

बप्पा ताडकन उठले. "अमीन? पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, अन् अमीन अजून हाय? त्ये बी माझ्या अंगात?"

निजामाच्या राज्यात फौजदाराला अमीन म्हणत. नुसतं नाव काढलं तरी जुनी माणसं दचकायची. मी समजावलं, "तो अमीन नाही हो! हा शरीरातला निरोप्या. परकं काही शिरलं की हा रक्तवाहिन्यांना निरोप धाडतो. त्या सैल होतात, पाणी झिरपतं, सूज येते, खाज सुटते."

"म्हंजी चोर घुसला की बोंब मारतो?"

"अगदी! पण कधी कधी चोर नसतानाही मारतो."

"अन् घरधन्यालाच सोलून काढतो?" बप्पा पाठ खाजवत म्हणाले. "मंग अमीनच हाय त्यो!"

त्यानंतर आमच्या गल्लीत पित्त उठणं बंद झालं. सगळ्यांना अमीनच यायचा!

*

पुढं अमीनाला गप्प करणारी नवी गोळी आली. येडशीच्या एसटीचा ड्रायव्हर खाजवत आला. मी म्हटलं, "काका, हिनं झोप येते. फेरी संपल्यावर घ्यायला सांगा."

"तू अजून डॉक्टर झाली नाहीस," म्हणत काकांनी त्याला गोळी समोरच गिळायला लावली.

थोड्या वेळानं कंडक्टर धावत आला. "डॉक्टरसाहेब, गाडी निघंना!"

"मग मेकॅनिकला बोलव."

"गाडीला काय बी झालं न्हाय. ड्रायव्हर बंद पडलाय!"

काकांनी चूक कबूल केली? छे! पण पुढं गोळी देताना ते माझ्याकडं बघायचे, आणि "झोप येते बरं का" हे मी म्हणायचे.

*

माझ्या कातडीवर नुसती रेघ ओढली तरी थोड्या वेळात लाल वळ फुगून येतो. लहानपणी काका माझ्या हातावर काडीनं "सुमन" लिहायचे आणि नाव उमटेपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून बघत बसायचो. आता इथं तेच हिस्टामिन जाड पुस्तकातून शिकते, पण त्या काडीची मजा त्यात नाही.

बप्पांच्या प्रकारानंतर काका एकदा म्हणाले, "सुमे, तुझा अमीन तर साक्षर आहे!"

*

शेवटी तुळजापूरचे पाहुणे आले. काका आणि बप्पा बैठकीत होतेच. माझं चालून दाखवणं झालं, सुईदोऱ्याची चौकशी झाली. मग मुलाचे वडील म्हणाले, "शिकलेली आहे म्हणता. अक्षर कसं आहे? काहीतरी लिहून दाखव."

दादा कागद आणायला उठले.

"कागद कशाला, दादा?" मी अंबाड्यातला आकडा काढला, डाव्या हातावर फिरवला आणि हात पदराखाली घेतला.

"हे काय?" मुलाच्या आईनं विचारलं.

"वाळू द्या," मी म्हटलं.

चहा झाला. मग मी हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत टपोरी लाल अक्षरं उठली होती: "लग्न नको."

"अगं बाई! हिच्या अंगात देवी आली!" मुलाची आई किंचाळली. दादांच्या हातातली बशी कलंडली. काका मिशीवर हात धरून भिंतीकडं बघत राहिले.

बप्पांनी चष्मा चढवला, माझा हात उजेडाकडं वळवला, अक्षर न् अक्षर वाचलं आणि पाहुण्यांपुढं हात जोडले.

"देवी न्हाय, पाव्हणं. अमीन हाय. अन् हुकूम लेखी दिलाय!"