मिस्त्रींचं कोपर

"मॅडम, गोळी सोडून बोला."

खोलीत आल्या आल्या त्यांचं पहिलं वाक्य हेच असे. उजवं कोपर डाव्या तळहातावर तोलून धरलेलं, बोटांवर गंजाचा तांबूस रंग. केज तालुक्यातल्या गावांचे हातपंप ते दुरुस्त करत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही म्हणे. मी दवाखान्यात फिजिओथेरपी करते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं दुखणं कामातून येतं आणि काम काही सुटत नाही.

गोळीची गोष्ट त्यांनीच सांगितली. चहाचा कप उचलवेना, तेव्हा कुणीतरी त्यांना अफूच्या जातीची कडक गोळी आणून दिली. आराम पडला. मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. एका दुपारी पंपाचे पाइप वर ओढताना त्यांचा डोळा लागला, हातातला पाइप सुटला आणि सोबत्याच्या पायापासून वीतभर अंतरावर आदळला.

"दुखणं न्हाई गेलं मॅडम, मीच कुठंतरी गेलतो."

आमच्या डॉक्टरांनी त्या गोळ्या हळूहळू बंद केल्या आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं.

मी त्यांच्या हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली दिली. हात टेबलावर टेकवायचा, मनगट उचलायचं आणि सावकाश, अगदी सावकाश खाली सोडायचं. ते हसले. "आख्ख्या गावाला पाणी देणारा माणूस बाटलीला सलाम ठोकतोय!"

"तीन महिने करायचं. आणि जोराचं काम बंद."

"तीन महिन्यांत उन्हाळा सरतो, मॅडम."

विश्रांतीची चिठ्ठी मी लिहून दिली. पण नोकरी कंत्राटी, बदली माणूस नाही. आठवडाभर कोपर जरा निवे, मग नांदूरघाटकडून पंप बंद पडल्याचा फोन येई आणि ते पाना घेऊन निघत.

"कशाला गेलात?" मी चिडून विचारी.

"बायांनी घागरी रांगंत ठिवल्या व्हत्या. रांग बघून माघारी कसं यावं?"

 मी पट्टा बांधे, बर्फ लावे, पुन्हा बाटली हातात देई. माझं शास्त्र चुकत नव्हतं, पण दर खेपेला त्यांच्या मुठीतला जोर कमीच भरे.

मे महिन्यात एकदा ते आले आणि नेहमीचं वाक्य बोललेच नाहीत. खुर्चीत बसले, कोपर मांडीवर ठेवलं. मग खाली बघत म्हणाले, "ती गोळी... एकच मिळंल का?"

मी मान हलवली. 'नाही' एवढंच मी म्हणाले.

"बरं केलं. इचारलं म्हणून कुणाला सांगू नका." उठताना दाराची कडीसुद्धा त्यांना डाव्या हाताने काढावी लागली.

त्यानंतर ते आले नाहीत. चार-पाच महिन्यांनी त्यांचा फोन आला, पुण्याहून. पंपाचं काम सोडून लेकीकडे राहत होते, एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागले होते.

"जय भीम, मॅडम. बसूनच काम हाय. बाटलीचा व्यायाम रोज करतो. कोपर लई मोकळं झालं. काल पाण्यानं भरलेली बादली उचलली, काय दुखलं न्हाई."

मला फार आनंद झाला, तसं मी म्हणालेही.

ते म्हणाले, "पर मॅडम, आता ह्या हाताचं करू काय?"

मागे कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. "येतो, येतो," असं त्याला म्हणत त्यांनी फोन ठेवला.