बर्फात पुरलेला कान

विनायकराव मोहोळकरांना कुणी 'काय करता हो?' असं विचारलं, की संपलंच! दिल्लीतल्या एका सरकारी संस्थेत ते तांत्रिक सहाय्यक, पण ऐकणाऱ्याला वाटावं, अख्खा हिमालय यांच्याच जिवावर उभा आहे. "हिमनदी म्हणजे काय नुसता बर्फाचा ढीग वाटला? ती आतून चालते. तडकते, घसरते, पोटात पाणी खेळवते. आम्ही तिच्यात भूकंपमापक पुरतो. मुंगी चालली तरी कळतं!" आता तिथं मुंगी कुठून येणार? पण विनायकरावांच्या जिभेला हाड नव्हतं. आर. के. पुरमच्या त्यांच्या क्वार्टरखाली उभ्या राहणाऱ्या भाजीवाल्यालाही ही हिमनदी पाठ झाली होती.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुधन्वा लष्करात लेफ्टनंट झाला आणि त्याची नेमणूक नेमकी त्याच हिमनदीवरच्या ठाण्यावर झाली. मग काय, विनायकरावांना आभाळ ठेंगणं झालं. सुट्टीवर आलेल्या पोराला त्यांनी जेवता जेवता सांगितलं, "तुमच्या गस्तीच्या वाटेलगतच आमचं यंत्र पुरलंय. जाता-येता कुदळीनं तीन ठोके मार. मी दिल्लीत ऐकतो."

"सच में, बाबा? लाइव्ह?"

"मग! बसल्या जागी."

ही शुद्ध थाप होती. ते यंत्र तिथंच एका कार्डावर नोंद करत राहतं आणि उन्हाळ्यात वाट मोकळी झाली, की कुणीतरी वर जाऊन ते कार्ड काढून आणतं. त्यांच्या बायकोला, अहिल्याबाईंना, हे चांगलं ठाऊक होतं. पण बापलेकांच्या मजेत कशाला मोडता घाला, म्हणून त्या मुकाट्यानं पोळी वाढत राहिल्या.

पुढे सुधन्वाचा फोन आला, की पहिला प्रश्न तोच. "बाबा, आज ऐकलं?"

"ऐकलं तर! तिसरा ठोका जरा नरम पडला बरं का," विनायकराव ठोकून द्यायचे, आणि पलीकडे पोरगं खळखळून हसायचं.

थंडीत एका गस्तीत, त्या यंत्रापासून जवळच, सुधन्वाच्या पायाखालचा बर्फ खचला आणि तो खोल भेगेत पडला. वर वादळ सुरू होतं. शोधपथक पोचलं ते दुसऱ्या दिवशी, आणि वर आला तो त्याचा देह. घरी आलेला अधिकारी हात जोडून म्हणाला, "आंटीजी, उसे कुछ पता भी नहीं चला." अहिल्याबाई रडल्या नाहीत. सगळे गेल्यावर नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "उन्हाळ्यात कार्ड येईल ना? तेव्हा बघू." त्यानंतर घरात बोलणं असं उरलंच नाही. विनायकरावांनी हिमनदीचं नाव टाकलं.

जुलैच्या उकाड्यात कार्ड आलं. प्रकल्पप्रमुख अपूर्वा मॅडम वयानं लहान, पण जाण असलेली बाई. "सर, या वेळी मी करते," ती म्हणाली. विनायकराव म्हणाले, "नको. मीच करतो."

या कामाची एक रीत आहे. बर्फाचं ऐकायचं, तर आधी माणसाचं काढून टाकायचं. पावलं, स्लेजची घरघर, कुदळीचे घाव, सगळ्याला ऑफिसात एकच नाव होतं, कचरा. विनायकरावांनी तो दिवस पडद्यावर उघडला. बर्फ खचल्याचा मोठा हादरा दिसला आणि पुढे रेघ सपाट. त्यांनी श्वास सोडला. अधिकारी खरं बोलला होता तर!

मग रेघ हलली. तीन बारीक ठोके. जरा थांबून पुन्हा तीन.

त्यांनी स्वतःला खूप समजावलं. हिमनदीच्या तळाशी बर्फ अडकत-अडकत घसरतो, तेव्हाही असेच सारखे ठोके उमटतात. पण बर्फ तीन मोजून थांबत नाही हो. संध्याकाळ झाली तरी ठोके चालूच होते. रात्र पडली तशी त्यांच्यातला जोर गेला, मग तिनाचे दोन झाले. पोरगं बापाला हाका मारत होतं, बाप ऐकतोय अशी त्याची खात्री होती, आणि बाप तेव्हा घरी पापड खात क्रिकेट बघत होता. विनायकरावांना वाटलं, ही जीभ मुळासकट उपटून फेकून द्यावी.

"सर, काही मिळालं?" अपूर्वानं मागून हळूच विचारलं.

"काही नाही, मॅडम. कचरा आहे. काढतो," ते म्हणाले आणि त्यांनी ते ठोके एकेक करून काढले.

घरी अहिल्याबाई दारातच उभ्या होत्या. "आलं कार्ड?"

"आलं."

"मग?"

"लगेच गेला गं तो. एक हादरा, पुढे काही नाही."

त्या तिथंच उंबऱ्यात बसल्या आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं, ऊर फुटेतो रडल्या. मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "सुटला बाई माझा लेक. मला रोज वाटायचं, तुमच्या भरवशावर ठोकत बसला असेल."

त्या उठल्या. कपाटातून सुधन्वाचा गणवेशातला फोटो काढला, खिळा आणि हातोडी आणून नवऱ्याच्या हातात दिली. "आता लावूया," म्हणाल्या.

विनायकरावांनी खिळा भिंतीला टेकवला. एक घाव घातला, दुसरा घातला आणि हात तसाच राहिला.

"अहो, ठोका की अजून एक," अहिल्याबाई म्हणाल्या.