मोटरी भरणारी कौसर

देऊळघाटात फकीर मोहम्मदच्या दुकानात जळकी मोटर यायची तेव्हा आधी वास यायचा, मालक मागून. तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचे डबे आणि त्या पसाऱ्यात मांडी घालून बसलेली त्याची मुलगी कौसर. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून ती बापाच्या हाताखाली मोटरी भरत होती, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळत होती. कोणी विचारलं, पोरगी काय करते, तर फकीर मोहम्मद छाती काढून सांगे, "मेल्या मोटरीले नवा जल्म देते."

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची पार दैना केली, त्या वर्षी पाऊसही लवकर आटोपला. हाती लागेल ते बोंड पोसायचं तर विहिरीचं पाणी हवं, आणि मोटरी तर जळत सुटलेल्या. तीन फेजांपैकी एक गेला की मोटर उरलेल्या दोनांवर घुमत राहते आणि काही मिनिटांत खाक होते. त्यावर उपाय म्हणून स्टार्टरमध्ये बसवलेलं यंत्र लोकांनी कधीच काढून टाकलं होतं. विजेचा दाब जरा कमी झाला की ते मोटर चालूच देत नसे.

कपाशीवाली आशाबाई एकाच हंगामात तिसऱ्यांदा मोटर घेऊन आली. "कौसर, माह्या मोटरीनं तुह्या दुकानातच संसार मांडला पाहय!"

त्याच सुमाराला वीजखात्यानं चाचणी म्हणून शिवारातल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, विजेवर नजर ठेवणारी एक नवी पेटी बसवली. कौसर पाहायला गेली. वायरमन जानराव खांबावर, खाली एक तरुण इंजिनिअर.

"जुन्या पेट्यांत कंपनीनं भरलं तेवढंच चालायचं," इंजिनिअर सांगत होता. "ही मोबाईलसारखी आहे. कोणीही प्रोग्रॅम लिहावा, खात्यानं तपासला की हिच्यात बसतो."

"कोणीबी?" कौसरनं विचारलं. "म्हंजे मीबी?"

जानराव वरून हसला. "साहेब, ते मोटरी भरते."

इंजिनिअर हसला नाही. "मग तर तुम्हीच लिहा," म्हणाला आणि पेटीशी कोणत्या भाषेत बोलायचं याची सगळी माहिती नेटवर कुठे उघडी ठेवली आहे, ते त्यानं तिला लिहून दिलं.

तीन आठवडे दुपारच्या दुपार कौसर लॅपटॉपसमोर. पेटीतून मोटर बंद-चालू करायचा हक्क खात्यानं कोणाला दिला नव्हता; पण पेटी तिन्ही फेजांचा दाब सांगत होती. एक फेज पडला की त्या डीपीवरच्या आशाबाईसह चौदा शेतकऱ्यांना लगेच फोन जावा, एवढंच तिला हवं होतं.

"म्हंजे मोटरी जळणारच नाईत?" फकीर मोहम्मदनं विचारलं.

"कमी जळतीन, अब्बा."

"आन् आपण काय माश्या मारायच्या?"

 हे कौसरच्याही मनात येऊन गेलं होतं. फकीर मोहम्मदनं आशाबाईची मोटर पुढ्यात ओढली. मग म्हणाला, "एकच मोटर तीनदा भरली की लोकाईले वाटते, फकीरभाई कच्चं काम करते. बदनामी होऊन राह्यली माही. लाव तुहा प्रोग्रॅम."

फोनवर आवाजही त्याचाच घेतला. बाईचा आवाज आला की लोक कंपनीचा फोन समजून कापतात, असं त्याचं म्हणणं. पण रेकॉर्डिंगला बसला की आधी ख्यालीखुशाली विचारायचा. "अब्बा, तोवर मोटर जळून जाईन!" कौसर ओरडायची. अकराव्या खेपेला जमलं: "मी फकीर मोहम्मद मोटरवाला. एक फेज गेला. मोटर बंद करा, लवकर!"

खात्यानं तपासून प्रोग्रॅम पेटीत बसवला, त्या पहिल्याच सकाळी आशाबाईला एकतीस फोन आले. दाब नेमका ठरवलेल्या रेघेवर खालीवर होत होता आणि पेटी दर खेपेला बोंबलत होती. आशाबाई चार वेळा विहिरीवर धावली आणि तणतणत दुकानात आली. "फकीरभाऊ, तुमच्या आवाजाचा वीट आला मले!" कौसरनं तिथेच बसून प्रोग्रॅम सुधारला आणि खात्याकडून पुन्हा तपासून घेतला: पंधरा सेकंद दाब खालीच राहिला, तरच फोन.

चौथ्या दिवशी भर दुपारी फोन आला. आशाबाई कापूस वेचत होती. ओटीतला कापूस सांडत ती विहिरीवर पळाली आणि तिनं स्टार्टर बंद केला. शेजारची मोटर थांबली, त्यापलीकडची थांबली, साऱ्या शिवारात शांतता झाली. डीपीवरचा एक फ्यूज उडाला होता. जानरावनं तो बदलला आणि घटकाभरात चौदाच्या चौदा मोटरी पुन्हा पाणी ओढू लागल्या.

संध्याकाळी आशाबाई मोकळ्या हातानं आलेली पाहून फकीर मोहम्मद गडबडला. "मोटर कुठं हाये?"

"विहिरीवर! पाणी फेकून राह्यली!" आणि ती खळखळून हसली.

पुढच्या वर्षी पिंपळगाव राजाकडे अशाच पेट्या लागल्या. त्या दुसऱ्याच कंपनीच्या होत्या, पण त्याही तशाच कोणाचाही प्रोग्रॅम घेणाऱ्या, तीच भाषा बोलणाऱ्या. कौसरचा प्रोग्रॅम एक अक्षर न बदलता त्यांत चालला. फकीर मोहम्मदच्या दुकानात आता मोटरी कमी आणि सारखे बंद-चालू करून झिजलेले स्टार्टर दुरुस्तीला जास्त येऊ लागले. तक्रार करायला त्याला सवडच नव्हती.

हिवरा आश्रमला कौसर पेटी पाहायला गेली, तेव्हा पिठाची गिरणी चालवणाऱ्या सिंधूताईनं तिला हाताला धरून गिरणीत नेलं. "लाईन येईन तवा येईन, बाया डबे घेऊन बसून राह्यतात. ह्याचं काही होते का?"

"होते की." कौसर तिथेच धान्याच्या पोत्यावर बसली आणि तिनं लॅपटॉप उघडला. "पण आवाज कोणाचा घ्याचा?"

"माहाच घे!" सिंधूताईनं पदर सारखा केला, खाकरली आणि "अवो बायाहो" म्हणताच डबे घेऊन बसलेल्या सगळ्याजणी हसत सुटल्या. रेकॉर्डिंगमध्ये नुसतं हसू भरलं. कौसरनं ते पुसलं नाही. हिवऱ्याला अजूनही लाईन आली की बायांना फोनवर आधी ते हसू ऐकू येतं, मग सिंधूताईचा सांगावा.