नाक्यावरची हसरी बाई

माझी थोरली जाऊ हसायची ती फक्त पाकिटावर. दीर अकाली गेले, मूलबाळ नव्हतं, आणि खर्डीजवळच्या आमच्या घरात तिने स्वतःला मसाल्यात गाडून घेतलं. मिरची वाळवायची, खडा मसाला भाजायचा, डंकावर कुटून आणायचा. चव अशी की पाहुणे बोटं चाटत. पण साध्या पिशवीतला मसाला शहापूरच्या बाजारात कुणी घेईना. बायका हुंगायच्या, नाक मुरडायच्या आणि पलीकडून टीव्हीतलं पाकीट उचलायच्या.

शेवटी माझा नवरा आम्हा दोघींना शहापूरच्या फ्लेक्सवाल्याकडे घेऊन गेला. फ्लेक्सवाला म्हणाला, गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी खातं. लाल रंग, पिवळी अक्षरं आणि मधोमध बाईचा चेहरा पाहिजे. ताई, म्हणजे माझी जाऊ, नको नको म्हणत होती. विधवेचं तोंड सणावाराच्या जिनसावर कशाला, एवढंच तिचं म्हणणं. पण बसायचं स्टूल डुगडुगलं, ती चुकून हसली आणि त्याने फोटो काढला. मग कॉम्प्युटरवर तिच्या कपाळी ठसठशीत कुंकू लावलं.

"मोकळं कपाळ चालत नाय बाजारात," तो म्हणाला.

मला त्याचा संताप आला. खोटं कशाला बोलू, ताई त्या पडद्यावर फार सुंदरही दिसत होती.

गावात कुजबुज झाली, पण मसाला चालला. मुरबाडच्या दुकानांतही लाल पाकिटांच्या माळा लोंबू लागल्या. लोक 'हसऱ्या बाईचा मसाला' मागत. तिचं नाव कुणी विचारलं नाही. दर सणाला शहापूरच्या नाक्यावर आमच्या जाहिरातीचा फ्लेक्स लागायचा, त्यावरही हाच फोटो.

यंदा तापाचं निमित्त झालं आणि ताई अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिने माझा हात धरला.

"मी गेल्यावर माणसं येतील ना गो? माझ्या मागं कोण हाय?"

"अर्धा तालुका तुमाला ओळखतो, ताई," मी म्हणाले. मला ते खरंच वाटत होतं.

ती गेली. आमच्याकडे माणूस गेलं की नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. दशक्रियेचा दिवस नि जागा लोकांना त्यावरूनच कळते. ताईचा दुसरा फोटोच नव्हता. घाईघाईत फ्लेक्सवाल्याने तोच फोटो घेतला, तोच लाल रंग, तीच पिवळी अक्षरं. खाली श्रद्धांजली लिहिली होती, पण ती वाचायला थांबतंय कोण? रोज माणसं त्याखालून गेली आणि त्यांना मसाल्याची जाहिरातच दिसली.

दशक्रियेला नदीवर आम्ही घरचे आणि भावकीतली मोजकी माणसं होतो. भटजी दोनदा रस्त्याकडे बघून म्हणाले, अजून कुणी यायचंय का. मला तोंड वर करवेना. ताईला दिलेला भरवसा आतून कुरतडत होता.

घरी आलो तर मुरबाडच्या दुकानदाराचा फोन. नाक्यावरचा नवा बोर्ड झकास झालाय म्हणाला, आणखी दोन पेट्या पाठवा. मी त्याला सांगितलं, ताई गेल्या, आज त्यांचं दहावं होतं. तो अरेरे म्हणाला, मनापासून म्हणाला. मग जरा अडखळत त्याने विचारलं, "पण पाकिटावर फोटो तोच ठेवणार ना?"

मी हो म्हणाले.