तयार की मापाचा

क्लॅरिनेटतात्या कुठल्याही गोष्टीला आधी "व्हय" म्हणत आणि चपला घालता घालता मत बदलत. तासगावच्या एका बँडमध्ये त्यांनी जन्मभर क्लॅरिनेट वाजवली. बँडच्या टेम्पोतून उतरताना पडले आणि वरचा पुढचा दात गेला, म्हणून ते सांगलीला माझ्या दवाखान्यात आले.

जबड्याच्या हाडात स्क्रू बसला, जखम भरली. आता स्क्रू आणि दात जोडणारा मधला तुकडा निवडायचा होता. कंपनीचा तयार तुकडा घेतला तर आठवड्यात दात बसला असता. मापाचा घडवायचा तर लॅबमध्ये महिना जाणार, आणि लग्नसराई तर दारात उभी!

"तयारच बसवा," म्हणून तात्या निघाले आणि वळले. "पर तुमी काय केलं असतं?"

मी म्हणाले, "स्क्रू जरा कललाय, हिरडी पातळ आहे. मापाचा तुकडा नीट बसेल. पण तयारही चालेल."

"आवं डॉक्टरीणबाई, दोन्ही बरूबर कसं आसंल?"

मग ते एसटीच्या कंडक्टरपासून बेदाण्याच्या व्यापाऱ्यापर्यंत दिसेल त्याला विचारत सुटले आणि प्रत्येकाचं मत मला फोनवर कळवू लागले. शेवटी मीच "मापाचा" म्हणून टाकलं. ती लग्नसराई तात्यांनी दाताविना, झांजा वाजवत काढली. एका वरातीत मला पाहून त्यांनी मान खाली घातली. आपलं चुकलं का, हे मला समजेना.

दात सुरेख बसला. महिन्याभराने तात्या क्लॅरिनेट घेऊनच आले आणि खुर्चीत बसून वाजवू लागले. मध्येच ते थांबले.

"सूर लागतोय, पर माझा वाटत न्हाई. जुना दात वाकडा हुता. त्या वाकड्यावरच माझं तोंड बसल्यालं."

मी हिरडीचं माप घेतलं होतं, स्क्रूचा कल मोजला होता. हे मात्र विचारलंच नव्हतं.

"बदलू या का?"

"ऱ्हाऊ द्या. तोंड शिकंल."

पुढे ते लेकीकडे पाटणला राहायला गेले. तोंड शिकलं की नाही, मला कळलं नाही.

आता कुठलाही तुकडा निवडण्याआधी मी विचारते, "या दाताने तुम्ही काय काय करता?" परवा मेढ्याच्या एक आजी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "काय न्हाई गं बाई, लोकांत हसायचं हाय."

दोन्ही तुकड्यांचे नमुने समोर ठेवून मी म्हणाले, "आजी, आधी पदर काढून एकदा हसून दाखवा बघू."