इंजिनात अडकलेला कापूस

काल शिलाई मशीन पुसायला कापसाचा बोळा रॉकेलात बुडवला, आणि त्या वासासरशी मी दारव्ह्याच्या आमच्या जुन्या गोदामात पोचले. तिथं कापसाच्या ढिगाशेजारी माझे यजमान स्वतःच्या हातानं विमान बांधत होते. त्यासाठी एका मोडीतल्या मोटारीचं रोटरी इंजिन आणून त्यांनी उघडून ठेवलं होतं. या इंजिनात तिकोनी रोटर फिरतो आणि त्याची टोकं आतल्या भिंतीला सतत घासतात. ती भिंत किती झिजली, ते नखानं चाचपून त्यांना कळेना.

मी म्हटलं, “कापूस फिरवून पाहा ना. खरबरीत असंन तिथं धागा धरते.” सुपातली कुसळं आम्ही तशीच हुडकायचो.

“मग तूच फिरव,” ते म्हणाले.

बोळा चकचकीत भिंतीवरून सरसर गेला आणि एका जागी अडकला. धागा ताणला गेला. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं,

“तू बसशीन का या विमानात?”

“मी नाही बसत. अन् तुमालेबी बसू देत नाही.”

इंजिन परत गेलं. दुसरं मनासारखं कधी मिळालंच नाही. तेव्हा वाटलं, मी माझा माणूस वाचवला. आता आभाळात विमानाची घरघर आली की त्यांचा घास हातातच थांबतो, आणि मी उगाच भांडी आपटत सुटते. वेचणीनं त्या दिवसांत माझी बोटं भेगाळली होती. धागा भिंतीला अडकला की माझ्या बोटाला, हे मी पाहिलंच नाही.