उदगीरच्या काकूंचा गुडघा

माझ्या धाकट्या नणंदेइतकं माणसांच्या पायांकडे बघणारं माणूस साऱ्या नांदेड जिल्ह्यात दुसरं नसेल. लोक तोंडावरून माणूस ओळखतात, ती चालीवरून ओळखायची. समोरून कुणी बाई गेली की वाटावं ही तिचं लुगडं बघतेय, आणि हिनं म्हणावं, "वैनी, हिची डावी टाच उचलत न्हाई बघा." लोह्याच्या एका लहानशा कॉलेजात ती व्यायामशास्त्र शिकत होती. दोन खोल्या, एक मैदान आणि मैदानात चरणाऱ्या शेळ्या. पळायचं यंत्र एकच, तेही लाइट असली तर चालायचं. पण कॉलेजाचं नाव ती अशा थाटात घ्यायची की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी दिल्लीला शिकते.

घरात तिनं कुणालाच सोडलं नाही. दादांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, खाटेवर पोक काढून बसू देईना. मी भाकरी थापायला बसले की मागून येऊन माझे खांदे ओढायची. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. ती म्हणायची, "वैनी, तुमची समदी लाज खांद्यात साठून राहिली." कापूस वेचणाऱ्या बायांना तिनं एकदा बांधावर उभं करून हात वर करायला लावले. रस्त्यानं जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याला वाटलं, बाया मदतीला बोलवून राहिल्या. बिचारा गाडी टाकून धावत आला, तर हिनं त्यालाही रांगेत उभं केलं.

शिक्षण संपेपर्यंत पाहुणे आणणार नाही, असा शब्द सासऱ्यांनी तिला दिला होता. शेवटचं एकच साल उरलं आणि उदगीरहून स्थळ आलं. कापडाचं दुकान, एकुलता एक मुलगा. सासरे म्हणाले, "बघायला काय जातंय?" ती चुलीपाशी येऊन बसली. "एवढं साल होऊ द्या की वैनी. मंग कुठंबी टाका मला." मी आमच्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "दादांपुढं कोण बोलणार?" ते ऐकून तिनं डोळे पुसले. "ऱ्हाऊ द्या. मीच अशी वागते की पाहुणे चहा टाकून पळतील."

आमच्याकडे बघायला आलेले लोक मुलीला चार पावलं चालायला लावतात, लंगडत नाही ना ते बघायला. मुलाचे वडील म्हणाले, "पोरी, जरा चालून दाखव." ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दाखवते. पण आधी तुमच्या पोराला चालू द्या. मलाबी बघू द्या." सासऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मुलगा भला, खरंच उठून चालला. मग हिनं त्याला एका पायावर उभं केलं. तो कपाटाला धरून डुलत राहिला आणि त्याच्या वडिलांचं तोंड आंबट होत गेलं. दाराआड मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले.

पाहुणे उठले. हिचा बेत जमला होता. तेवढ्यात मुलाची आई भिंतीला धरून उठायला लागली. हिनं त्या वेळी दुसरीकडे बघायला हवं होतं. पण ते तिला जमणारं नव्हतं. "थांबा काकू, गुडघ्यावर असा भार टाकू नका," म्हणत तिनं त्यांना खाली बसवलं, पाय लांब करायला लावला आणि गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवली. "दाबा. आता सोडा. रोज करायचं, कटाळा करायचा न्हाई." आपण पाहुणे पळवायला निघालो होतो, हे ती पार विसरली.

पुढच्या महिन्यात उदगीरहून फोन आला. काकू जिना चढल्या होत्या. "पोरगी हीच पायजे. शिक्षण आमच्याकडं येऊन करील की." सासरे सगळ्यांना पेढे देत फिरले. तिनं पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

आता उदगीरला फोन केला की ती हळू बोलते. काकूंचे पाय मोकळे झालेत. त्या लग्नाला जातात, बाजाराला जातात, मठात जातात, घरात म्हणून टिकत नाहीत. घर सगळं हिच्यावर. "त्या फिरून राहिल्यात वैनी, लई झ्याक चालतात," ती म्हणते, आणि तेवढं बोलताना तिच्या आवाजात जुना थाट येतो. मी परीक्षेचं विचारते. पलीकडून भांड्यांचा आवाज येतो.

"पुढच्या साली बघू," ती म्हणते.